खांदेदुखी, बसलेला आवाज, सुजलेला चेहरा: जुन्या सिगरेटवाल्यांच्या बाबतीत छातीकडे कधी बघायचं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे मिसळीच्या धाग्यावर भांडण्यापुरता येतो, आज विषय वेगळा आहे. आमचे काका, बाबांचे धाकटे भाऊ, वय ६३. वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून अख्खी नोकरी झाली, आयटीआयला असल्यापासून सिगरेट. रोजची दोन पाकिटं, दहाची, आणि नाईट शिफ्ट असली की त्याच्यावर. गेल्या दिवाळीच्या सुमारास उजवा खांदा धरला. सगळे म्हणाले लेथवर आयुष्य गेलं, खांदा दुखणार नाही तर काय. हाडांच्या डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे काढला, फ्रोझन शोल्डर सांगितलं, फिजिओ लावली. फरक पडेना म्हणून मग मानेचा एक्स-रे, त्यात मणक्यात गॅप निघाली (या वयात कोणाच्या निघत नाही?), मग गळ्याला पट्टा. या सगळ्यात एकानेही विचारलं नाही की काका सिगरेट ओढता का, आणि काका काही आपणहून सांगणाऱ्यातले नव्हेत.

दुखणं मात्र विचित्र होतं. रात्री जास्त, आणि पाठीच्या फऱ्यापासून दंडाच्या आतल्या बाजूने खाली थेट करंगळीपर्यंत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, कुलूप उघडताना किल्लीवरची पकड सुटायची. मग चुलत बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो ग्रुपवर आले आणि बघतो तर प्रत्येक फोटोत काकांचा उजवा डोळा अर्धवट मिटलेला. आधी सगळ्यांनी चेष्टाच केली, काका डोळा कोणाला मारताय म्हणून. आमच्या कोपरीच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र आधी खोलीतला दिवा घालवला, मोबाईलच्या उजेडात दोन्ही बाहुल्या बघितल्या. डावी मोठी झाली, उजवी तशीच टाचणीच्या डोक्याएवढी. खांद्याला हातसुद्धा न लावता छातीचा सीटी लिहून दिला. उजव्या फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला गाठ निघाली.

बायोप्सी, पेट स्कॅन झालंय, केमो आणि रेडिएशन आता सुरू होईल. कुठे घ्यायचं ते ठरलंय, तो प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की यापुढे घरात कशावर लक्ष ठेवायचं? कशासाठी पुढच्या ओपीडीपर्यंत थांबलं तर चालतं आणि कशासाठी रात्री दोनला गाडी काढायची? काका-काकू राहतात घोडबंदरला गायमुखच्या अलीकडे, रात्री ट्रक सोडले की तिथून बाहेर पडायलाच तास जातो, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं. ज्यांच्या घरी झालंय त्यांनी लिहा, प्लीज.

छातीठोक

छातीचा डॉक्टर आहे, नाव विचारू नका, आयडीवरून समजून घ्या. इथे मी कोणाचं निदान करत नाही, कोणाचे रिपोर्ट बघत नाही, तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

तुमच्या कोपरीच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. या गाठीला पॅनकोस्ट ट्यूमर म्हणतात, अमेरिकेतल्या हेन्री पॅनकोस्ट नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९२४ मध्ये आणि पुन्हा १९३२ मध्ये तिचं वर्णन केलं. फुफ्फुसाचं शेंड्याचं टोक कॉलर बोनच्या मागे, मानेच्या पायथ्याशी येतं आणि हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा तिथूनच जातो. गाठ त्याच्या खालच्या नसांना लागली की दुखणं करंगळीच्या बाजूला उतरतं. बाजूलाच डोळ्याच्या बाहुलीची आणि पापणीची एक नस वर चढते, ती दबली की पापणी किंचित खाली येते, बाहुली बारीक राहते आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घामही कमी येतो. दिवा घालवण्याचं कारण हेच, लख्ख उजेडात दोन्ही बाहुल्या बारीकच असतात, फरक अंधारात कळतो.

यात सुरुवातीला बहुधा खोकला नसतो, दम नसतो, थुंकीत रक्त नसतं. श्वासनलिकेपासून गाठ लांब असते ना, मग कशाला खोकला येईल? त्यामुळे पेशंट माझ्याकडे येतच नाही, तो हाडांच्या डॉक्टरकडे जातो. त्यांनाही फार दोष देणार नाही, शंभर खांदे बघितले तर बहुतेक खरोखर खांद्याचेच असतात, आणि साध्या एक्स-रेत ही जागा कॉलर बोन आणि पहिल्या बरगडीच्या आड लपते. पण सिगरेट विचारायला हवी होती हे शंभर टक्के. चाळिशी ओलांडलेला, वर्षानुवर्षं ओढणारा माणूस, फिजिओने हटत नाही असा खांदा, रात्रीचं दुखणं, करंगळीला मुंग्या. एवढं जमलं की छाती बघायचीच, आणि एक्स-रे नॉर्मल आला तरी शंका असेल तर सीटी.

बाकीचं संध्याकाळी ओपीडी संपली की लिहितो.

नौपाड्याची_मनू

आमच्या बाबांचं लिहिते. बाबा पोस्टात होते, सिगरेट कॉलेजपासून. आधी काय झालं की शर्टाची वरची गुंडी लागेना. आई म्हणाली जाडे झालात, बाबा म्हणाले धोब्याने शर्ट आटवला, आणि त्यावरून दोघांचं चांगलं वाजलं. वजनाच्या काट्यावर उभे राहिले तर वजन उलट उतरलेलं. मग सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगलेलं, दुपारपर्यंत जरा उतरायचं. किडनीचं असेल म्हणून लघवी, क्रिएटिनिन सगळं केलं, सगळं नॉर्मल. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या.

एक दिवस बूट घालायला वाकले आणि तसेच बसले, डोकं फुटतंय म्हणाले, चेहरा जांभळट. मी जवळून बघितलं तर मानेच्या शिरा दोरीसारख्या टम्म फुगलेल्या आणि छातीवर, बनियनच्या गळ्याच्या खाली निळ्या बारीक शिरांचं जाळं, जे आधी कधीच नव्हतं. त्या दिवशीच अ‍ॅडमिट केलं. डोक्याकडून आणि हातांकडून हृदयाकडे येणारी मोठी शीर गाठीने बाहेरून दाबली होती. स्मॉल सेल निघाला, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. केमो लगेच सुरू केली आणि आठवड्याभरात चेहरा ओळखू येण्यासारखा झाला. एवढा फरक पडेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

पायांवर सूज नव्हती हे मला आज आठवतंय. सूज फक्त वर. तिथे कोणाचं तरी लक्ष जायला हवं होतं असं वाटतं.

छातीठोक

मनू, अगदी नेमकं लिहिलंत. किडनीची किंवा हृदयाची सूज बहुधा पायांवरही दिसते, ही फक्त चेहरा, मान, हात यांच्यावर दिसते आणि आडवं झालं किंवा वाकलं की वाढते. म्हणून सकाळी जास्त. याला एसव्हीसी सिंड्रोम म्हणतात. यात नुसती सूज असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. सूज आणि त्यासोबत दम, घशातून शिट्टीसारखा आवाज, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं असेल तर घरी एक तासही थांबायचं नाही. नेताना आडवं झोपवू नका, पाठीला उशा लावून बसवूनच न्या. कधी शिरेत स्टेंट टाकतात, कधी रेडिएशन, आणि स्मॉल सेल केमोला भराभर वितळतो म्हणून तुमच्याकडे थेट केमो दिली असणार.

विडीकाडी

धागा वाचून सिगरेट विझवली आणि मग टेन्शन आलं म्हणून दुसरी पेटवली. विनोद सोडा, पण आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते आणि गेले ते पायरीवरून पडून. आता तुम्ही म्हणणार सगळ्यांचे आजोबा असेच असतात.

छातीठोक

सगळ्यांचे नसतात, ज्यांचे साठीत गेले त्यांचे नातू असे किस्से सांगायला फोरमवर येत नाहीत.

तुर्भेकर

आमच्याकडे वेगळीच गोष्ट झाली. वडील एपीएमसीत माथाडी, कांदा बटाटा मार्केट, विडी तोंडातच. खोकला तर कायमचा होता, त्यामुळे खोकला वाढला हे कोणाला कळणार. वजन उतरलं, संध्याकाळी कणकण यायची, एक्स-रेवर डाग आणि छातीत पाणी. एका खाजगी दवाखान्यात थुंकी न तपासताच टीबी सांगितला आणि एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, चालू केली. आम्ही पण म्हटलं बरं झालं टीबी आहे, सहा महिन्यात बरा होतो. चाळीत दोन-तीन जणांना होऊन गेलेला, सगळ्यांना कोर्स पाठ. पण पाणी काढलं की आठवड्यात परत भरायचं, दुसऱ्यांदा काढलं तेव्हा चहासारखं लालसर आलं. वडिलांना जिना चढवेना. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पाणी तपासायला पाठवलं, आधीच्यांनी नुसतं काढून टाकलं होतं. त्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची ती बघून वडील म्हणायचे औषध लागू पडतंय.

छातीठोक

तुर्भेकर, वाईट वाटलं वाचून. आणि हे रोजचं आहे, आपल्या देशात टीबी इतका आहे की एक्स-रेवर डाग दिसला की हात आपोआप एकेटीकडे जातो. दोन्हीत खोकला, दोन्हीत वजन उतरतं, ताप दोन्हीत, रक्तही दोन्हीत. नुसत्या फिल्मवरून सांगता येत नाही हो. म्हणून पुरावा मागायचा. थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी तपासणी, सरकारी केंद्रात फुकट होते, ठाण्यात, नवी मुंबईत महापालिकेची टीबी केंद्रं आहेत, तिथे जा. थुंकी निगेटिव्ह आणि तरी एकेटी चालू केली असेल तर तीन-चार आठवड्यांनी वजन, ताप, भूक यात काय फरक पडला ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. काहीच फरक नाही आणि माणूस जुना विडीवाला, तर सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपीचं (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) बोलणं काढायचं. मनाने एकेटी मात्र थांबवू नका, कारण टीबी आणि कॅन्सर दोन्ही एकत्र असलेले पेशंट मी बघितलेत.

पाण्याबद्दल. छातीतलं पाणी काढलं की ते लॅबला गेलंच पाहिजे, एडीए (टीबीसाठीची तपासणी) आणि कॅन्सरच्या पेशींची तपासणी दोन्ही. पेशी एकदा निगेटिव्ह आल्या म्हणून सुटलो असं नाही, पुन्हा काढून पाठवावं लागतं, कधी दुर्बिणीने फुफ्फुसाच्या आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो. परत परत भरत असेल तर दर वेळी सुई टोचण्यापेक्षा नळी ठेवून आत औषध सोडून आवरणाचे दोन्ही पडदे चिकटवतात, किंवा घरी राहून पाणी काढता येईल अशी पातळ नळी बसवतात. हे पर्याय विचारा, बरेचदा पेशंटला कोणी सांगतच नाही.

अजून एक. एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. अँटिबायोटिकने बरा होतो, दोन महिन्यांनी त्याच कोपऱ्यात परत. गाठीने नळी अडवली की मागचा भाग तुंबतो आणि तिथे इन्फेक्शन होत राहतं. पन्नाशीच्या पुढच्या सिगरेटवाल्याला न्यूमोनिया झाला तर बरं वाटल्यावरही साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढायचा. खोकला गेला म्हणून कोणी येत नाही. या.

निसर्गवेडा

केमो म्हणजे विष आहे. माझ्या ओळखीच्या एकांनी गव्हांकुराचा रस आणि एक चूर्ण घेऊन गाठ विरघळवली. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप करावा.

सिस्टर_खारघर

निसर्गवेडा, तुमच्या ओळखीच्या एकांचा आधीचा आणि नंतरचा सीटी इथे टाका, मग बोलू. आमच्या वॉर्डात चूर्ण करून करून शेवटच्या स्टेजला आलेले रोज येतात. संपादक, निरोप करावा वाली प्रतिक्रिया उडवा कृपया.

खाडीकाठ, तुमच्या प्रश्नाचं मी लिहिते, ऑन्कोलॉजी वॉर्डात बरीच वर्षं काढलीत.

थुंकीत रक्त. रेषा दिसली, गुलाबी दिसलं तरी त्याच दिवशी फोन करायचा, काका अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर ते आधी सांगायचं. नुसतं रक्त, अर्धी वाटी किंवा जास्त, किंवा थांबतच नाही, तर १०८ लावा. वाट बघताना गाठ ज्या बाजूला आहे त्या कुशीवर झोपवायचं, तुमच्याकडे उजवी कूस खाली. लोक घाबरून उलट करतात, दुखऱ्या बाजूवर कसं झोपवायचं म्हणून. पण रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरायला नको ना. माणूस रक्त कमी होऊन जायच्या आधी श्वास कोंडून जातो. पाणी, चहा, काही पाजायचं नाही.

ताप. केमो चालू असताना १०१ ताप म्हणजे इमर्जन्सी, क्रोसिन देऊन सकाळ उजाडायची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, काही तासात माणूस हातचा जातो. घरात चांगलं थर्मामीटर ठेवा आणि हात लावून ताप बघणं बंद करा. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच, की केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली. नाहीतर रांगेत बसवतात.

पाठ आणि पाय. हे सगळ्यात जास्त निसटतं. पाठीत मधोमध नवीन दुखणं, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं, आणि मग पाय जड वाटणं, चप्पल पायातून निसटणं, लघवी अडकणं किंवा कळत नकळत होणं. मणक्यात उतरलेली गाठ मज्जारज्जूला दाबत असते. त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय. जो माणूस चालत येतो तो बहुतेक वेळा उपचारानंतर चालत राहतो, जो उचलून आणावा लागतो त्याचे पाय परत येतील याची खात्री नसते. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता कोणी पाठ म्हटलं की मी आधी पायाची बोटं हलवायला लावते. पॅनकोस्टमध्ये तर गाठ मणक्याच्या शेजारीच असते, तेव्हा काकूंना हे पाठच करून ठेवायला सांगा.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर रक्ताची गुठळी असू शकते. चोळायची नाही, मालिश अजिबात नाही. त्यातून अचानक दम लागला, छातीत चमक आली, तर गुठळी फुफ्फुसात गेली असं धरून निघायचं. कॅन्सरमध्ये रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, त्यात माणूस दिवसभर पलंगावर.

सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, चालताना तोल जाणं, झटका येणं, हे मेंदूचं. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका.

आणि घरी ऑक्सिजन लावायची वेळ आली तर त्या खोलीत सिगरेट, काडेपेटी, देवाचा दिवा काही नको. नाकात नळी असताना चोरून सिगरेट पेटवून चेहरा भाजलेले काका मी स्वतः ड्रेसिंग केलेत.

बेलापूर_लोकल

सिस्टर, झटक्यावरून आठवलं. माझ्या सासऱ्यांना स्मॉल सेल होता. एका रात्री उठून म्हणायला लागले गाडी सुटेल, डबा भर. रिटायर होऊन किती वर्षं झाली होती. सासूबाई म्हणाल्या औषधाची गुंगी आहे, मेव्हणा म्हणाला मेंदूत गेलं, आता काही खरं नाही, आणि शेजारच्या एका काकूंनी तर दृष्ट काढून टाकली. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर सोडियम ११२. मेंदूचा स्कॅन क्लिअर. पाण्यावर बंधन, सलाईन हळूहळू, तिसऱ्या चौथ्या दिवशी आम्हालाच विचारताहेत की मला इथे का आणलंय. त्यानंतर बरेच महिने नीट गेले, नातवाच्या मुंजीत पंगतीला वाढलं त्यांनी.

छातीठोक

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. गाठ स्वतः काही हार्मोन्स सोडते, आणि त्याने होणारा गोंधळ लोकांना शेवट जवळ आल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो बऱ्याचदा दुरुस्त होतो. स्मॉल सेलमध्ये सोडियम पडतं. नॉर्मल १३५ ते १४५. मळमळ, सुस्ती, बडबड, झटके. ते भराभर वर आणणंही धोक्याचं, म्हणून घरी मीठ-पाणी पाजून प्रयोग नकोत.

स्क्वेमस नावाच्या दुसऱ्या प्रकारात उलट कॅल्शियम चढतं. तहान तहान, सारखी लघवी, घट्ट बद्धकोष्ठ, भूक मेलेली, मग झोपाळूपणा. घरचे म्हणतात शुगर वाढली असेल, शुगर नॉर्मल येते आणि विषय संपतो. तिथे संपवायचा नाही, कॅल्शियम बघायला सांगा, साधी रक्ताची तपासणी आहे. सलाईन आणि हाडांवर काम करणारं एक इंजेक्शन दिलं की दोन-चार दिवसात उतरतं. मधल्या काळात घरातल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद, आमच्याकडे एकांना अशक्तपणा आला म्हणून मुलगी रोज दोन देत होती.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून काकूंच्या फ्रिजवर लावतोय. सिस्टर, पाठीचं मी तिला स्वतः समजावून सांगितलं, ती म्हणाली मग मालिशवाल्या बाईंना नको म्हणते.

एक विचारायचं होतं. काकांचा आवाज हल्ली बसलाय. घोगरा येतो, फोनवर ओळखू येत नाही. सर्दी आहे म्हणताहेत. आणि काकांची बोटं पुढून गोल, ढोलकाच्या काठीसारखी दिसतात, ती तर कित्येक वर्षं तशीच आहेत, आम्ही म्हणायचो कामगाराचा हात.

छातीठोक

आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बिणीतून स्वरतंतू बघायचे. आवाजाची डावी नस घशातून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालून परत वर जाते, म्हणून डाव्या बाजूच्या गाठीत आवाज जास्त बसतो. उजवी नस वरच्या वर वळते, पण वरच्या टोकाच्या गाठीत तीही सापडू शकते. पाणी पिताना ठसका लागतो का बघा. लागत असेल तर अन्नपाणी श्वासनलिकेत जातंय, त्यातून न्यूमोनिया होतो. रेडिएशनवाल्यांना या आठवड्यातच सांगा, पुढच्या अपॉइंटमेंटला नको.

बोटांचं. दोन्ही हातांची एकच बोटं, समजा तर्जन्या, नखाला नख लावून पाठीला पाठ जोडा आणि उजेडासमोर धरा. नॉर्मल माणसात नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. बोटं फुगली असतील तर ती फट बुजते. लिओ शामरॉथ नावाचे दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ होते, त्यांनी हे स्वतःच्याच आजारपणात स्वतःच्या बोटांवर टिपलं. फट बुजली म्हणजे कॅन्सरच असं नाही, जन्मजात हृदयरोग, जुनं पू होणारं फुफ्फुस, फुफ्फुसाचा फायब्रोसिस यातही होतं. पण नुसत्या सिगरेटच्या दम्याने, म्हणजे सीओपीडीने, बोटं अशी होत नाहीत. तेव्हा सीओपीडीवाल्याची बोटं फुगलेली दिसली की मी सीटी करतोच.

विडीकाडी

सगळ्यांनी आता बोटं जोडून खिडकीत धरली असणार, मी पण धरली. फट आहे. बायको म्हणते अजून काय धरायचं राहिलंय का.

सिरियसली, वय ५२, सव्वीस वर्षं ओढतोय, रोज दहा-बारा. ते सीटीचं स्क्रीनिंग असतं ते करावं का? ऑफिसच्या हेल्थ चेकअपला दर वर्षी एक्स-रे नॉर्मल येतो.

छातीठोक

दर वर्षीच्या एक्स-रेने लवकर सापडून जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यावर निर्धास्त राहू नका. कमी रेडिएशनच्या सीटीचा अमेरिकेत सुमारे ५३ हजार लोकांवर अभ्यास झाला, निकाल २०११ मध्ये आला. एक्स-रे केलेल्यांपेक्षा सीटी केलेल्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. तिकडे आता वय ५० ते ८०, २० पॅक-इयर (रोजचे पॅक गुणिले ओढल्याची वर्षं), आणि ओढत असेल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील तर दर वर्षी करायला सांगतात. हिशोब करताना आपल्याकडे सगळे चुकतात, कारण त्या पॅकमध्ये २० सिगरेट धरलेल्या आहेत आणि आपलं पाकीट बहुधा दहाचं. रोज दहा म्हणजे अर्धा पॅक, गुणिले सव्वीस, तुमचे झाले १३, बाराच्या हिशोबाने साडेपंधरा. खाडीकाठच्या काकांचे चाळीसच्या वर गेले.

आपल्याकडे असा सरकारी कार्यक्रम नाही. आणि जुन्या टीबीचे व्रण इतक्या फुफ्फुसात असतात की सीटीत दहा ठिपके निघतात, मग त्यांच्या मागे धावाधाव. त्या अमेरिकन अभ्यासातसुद्धा संशयास्पद आलेल्यातले ९५ टक्क्यांहून जास्त कॅन्सर नव्हते. म्हणून पॅकेज घेऊन दुकानात गेल्यासारखं करू नका, छातीच्या डॉक्टरशी बोलून ठरवा. सोडायचं असेल तर पाकिटावरच छापलेला क्विटलाइनचा नंबर आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे आणि खरंच फोन उचलतात. निकोटिनचे गम, गोळ्या आहेत. आणि खाडीकाठ, काकांनी आता सोडून काय उपयोग असं घरात कोणी म्हणत असेल तर ऐकू नका, केमो-रेडिएशनचा त्रास कमी होतो, उपचार जास्त लागू पडतात.

विडीकाडी

बरं, मग स्क्रीनिंग राहू दे. महिनाभर खोकला आहे तेवढा, पण तो आपला नेहमीचाच, फक्त आता रात्री पण येतो आणि जरा कोरडा झालाय.

छातीठोक

अहो हे आधी सांगायचं. स्क्रीनिंग हा शब्द ज्याला काहीच त्रास नाही त्याच्यासाठी. नेहमीचा खोकला बदलला, वेळ बदलली, सूर बदलला, तर ते लक्षण झालं आणि तुम्हाला डॉक्टरने तपासायलाच हवं. उद्या जा.

विडीकाडी

उद्या सकाळी जातो. राम मारुती रोडला एक ओळखीचे फिजिशियन आहेत. ऑफिसचे चेकअपचे एक्स-रे कपाटात आहेत, ते टाकून देऊ की नेऊ?

छातीठोक

न्या, सगळे न्या. रिपोर्टचे कागद नकोत, फिल्म किंवा सीडी. दोन वर्षांपूर्वीचा ठिपका आज तेवढाच असला तर एक अर्थ, दुप्पट झाला असला तर दुसरा, आणि ते जुनी फिल्म शेजारी लावल्याशिवाय कळत नाही.